पाय न टेकता

मी ज्या डोंगरी पायवाटेवर नेहमी सायकल चालवते, तिच्या चढाच्या साधारण मध्यावर एक डावे वळण आहे. वळणाच्या आतल्या बाजूला एका जुन्या झाडाची तीन मुळे वाटेवर आडवी आली आहेत आणि त्यांच्या पुढे लगेच वीतभर उंचीची दगडी पायरी आहे. हे वळण पाय न टेकता पार करता यावे, एवढी एक इच्छा मनात धरून मी गेली अडीच वर्षे तिथे जात आहे. घरी परतल्यावर एका छोट्या वहीत तारीख लिहिते. वळण जमले असेल तर तिच्यापुढे बरोबरची खूण करते आणि जमले नसेल तर पाय नेमका कुठे टेकला ते नोंदवते. परवा या सगळ्या नोंदी सलग वाचल्या, तेव्हा लक्षात आले की त्यांत सतत वर जाणारी रेघ कुठेच नाही. ओळीने चार वेळा जमलेले वळण पाचव्या वेळी पहिल्याच मुळापाशी अडले आहे, आणि तापातून उठल्यावर, पायांत फारसा जोर नसताना गेलेल्या एका सकाळी ते सहज पार झाले आहे. सुरुवातीला या अनियमितपणाचा मला फार त्रास होत असे. आता त्यामागची कारणे थोडीफार कळू लागली आहेत आणि ती कळणे हाच माझ्यासाठी या छंदाचा मोठा भाग झाला आहे.

चढ म्हटला की दमसास आणि मांड्यांची ताकद, असे आपण धरून चालतो. रुंद आणि सपाट पृष्ठभागाच्या चढावर ते खरेही आहे. मुळे, सुटे दगड आणि अरुंद वळणे असलेल्या चढावर मात्र ताकद संपण्याच्या कितीतरी आधी तोल जातो. माझ्या सायकलला पुढे ३२ दातांची एकच चकती आहे आणि मागे सर्वांत मोठी चकती ५१ दातांची. या सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलची एक पूर्ण फेरी मारली, तरी २९ इंची चाकाची सायकल दीड मीटरसुद्धा पुढे सरकत नाही. म्हणजे वेग चालणाऱ्या माणसाइतका किंवा त्याहूनही कमी. वेगात असलेली सायकल स्वतःला बरीच सावरून घेते. इतक्या संथ गतीत ती सगळी जबाबदारी चालवणाऱ्यावर येते. सीटवर मागे रेलून बसले तर पुढचे चाक उचलले जाते आणि दिशा सुटते. पुढे जास्त झुकले तर मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते जागच्या जागी फिरते. या दोहोंमधली जागा फार अरुंद आहे: सीटच्या अगदी टोकावर बसायचे, कोपरे वाकवून खाली आणायची, छाती हँडलजवळ न्यायची आणि तरीही हँडल घट्ट आवळायचे नाही.

गिअरच्या बाबतीत माझी चूक मला बरेच महिने कळली नव्हती. कठीण जागा आली की मी सर्वांत हलका गिअर टाकत असे. तो पायांना सोपा वाटतो, पण प्रत्येक दाबाबरोबर मागच्या चाकाला हिसका बसतो आणि ओल्या मुळावर तेवढा हिसका घसरायला पुरेसा असतो. एक गिअर जड ठेवला की पेडल सावकाश फिरते, दाब अधिक सारखा पडतो आणि चाक मुळाला धरून राहते. शिवाय गिअर वळणाच्या आधीच बदलून घ्यावा लागतो, कारण पूर्ण ताण असताना बदलायला गेले तर साखळी कुरकुरते, अडकते आणि कधी तुटतेही. माझी एकदा तुटली. सुदैवाने जोडकडी पिशवीत होती, त्यामुळे दहा मिनिटांत पुन्हा निघता आले.

पायांइतकेच महत्त्व टायरमधल्या हवेला आहे, हे मला उशिरा उमगले. डांबरी रस्त्यावर टायर जितका टणक तितके बरे, या सवयीने मी डोंगरावरही हवा ठासून भरत असे. मग प्रत्येक दगडावर सायकल उडायची, मुळांवर घसरायची आणि मी स्वतःच्या कौशल्याला दोष देत बसायचे. सव्वादोन ते अडीच इंच रुंदीच्या टायरला डोंगरी वाटांवर साधारण २० ते ३० पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा पुरते. नेमका आकडा वजनावर, टायरवर आणि जमिनीवर ठरतो. या मर्यादेत दोन-तीन पीएसआयचा फरकसुद्धा हाताला जाणवतो. हवा कमी असली की टायर दगडाच्या आकाराप्रमाणे दबतो आणि त्याला बिलगतो. फारच कमी असली, तर दगडावर आपटताना रिम आणि दगड यांच्या कात्रीत ट्यूब सापडते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात, सापाने दंश केल्यासारखी. हा त्रास टाळण्यासाठी मी ट्यूबलेस टायर घेतले. त्यांत लेटेक्सचे पातळ द्रव असते. काटा घुसला की ते भोकातून बाहेर येता येता घट्ट होते आणि भोक बुजवते.

ते द्रव काही महिन्यांत सुकते, ही गोष्ट मला माहीत होती आणि तरी मी ती विसरले. वाटेच्या सर्वांत दूरच्या टोकाला, जिथून परतीचे अंतर नऊ किलोमीटर होते, तिथे मागच्या टायरमधून फुसफुस ऐकू आली. टायर फिरवून पाहिले, हलवून पाहिले, पण आत द्रवाचा आवाजच नव्हता. उघडल्यावर आतल्या बाजूला फक्त रबराचा पापुद्रा चिकटलेला दिसला. सोबत ट्यूब होती. ती बसवली, पंप मारला आणि तीही हवा धरेना, कारण वर्षभर पिशवीत अवजारांशी घासून तिला घडीवरच चीर पडली होती. त्या दिवशी मी दोन तासांहून अधिक वेळ सायकल ढकलत चालले. पहिला अर्धा तास मनात केवळ चरफड होती. त्यानंतर मात्र जी वाट नेहमी काही मिनिटांत मागे पडते, ती पहिल्यांदाच नीट पाहिली: कुठे पाणी साचते, कुठल्या वळणावर बाहेरची कडा खचत आहे, कुठे दगडांच्या डाव्या बाजूने एक सोपी रेघ आहे जी वेगात कधी दिसली नव्हती. आता दर तीन महिन्यांनी द्रव बदलते आणि सुटी ट्यूब जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवते.

उताराविषयी लिहिताना मला नेहमी डोंगरी सायकलिंगच्या या खेळाच्या सुरुवातीची एक गोष्ट आठवते. कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या डोंगरी रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही हौशी तरुणांनी उताराची शर्यत लावली. सुमारे ३ किलोमीटरांत सुमारे ४०० मीटर खाली उतरणाऱ्या त्या रस्त्यावर ते जुन्या, जाड टायरांच्या, वजनदार सायकली घेऊन गेले होते. या सायकलींचे ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात असत आणि पेडल उलटे दाबले की लागत. तळाशी पोहोचेपर्यंत हब इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जाई, आणि पुन्हा सायकल चालवण्याआधी हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. नव्याने भरण्याच्या या कामावरूनच त्या शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडले. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, त्या मंडळींपैकी जो ब्रीझ यांनी खास अशा वाटांसाठी नवी फ्रेम बांधली. मोठमोठ्या कारखान्यांच्या आधी काही मित्रांची हौस आणि रविवारचा वेळ यांतून एक नवी सायकल जन्माला आली, याचे मला अतिशय अप्रूप आहे.

माझ्या सायकलला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत आणि एका बोटाने सायकल थांबते, तरीही तापण्याचा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. लांब उतारावर भीतीने ब्रेक सतत हलका दाबून ठेवला, की डिस्क आणि पॅड दोन्ही तापतात, जळका वास येतो आणि पकड मंदावते. त्यापेक्षा वळणाआधी सरळ रेषेत जोरात पण थोडाच वेळ ब्रेक लावावा, वळणात तो सोडून द्यावा, आणि चाकांना सगळी पकड वळण्यासाठी वापरू द्यावी. हे लिहिणे सोपे आहे. प्रत्यक्षात समोर खडकाळ उतार दिसला की बोटे आपोआप मिटतात.

माझी सर्वांत मोठी पडझड अशा कुठल्याही खडकाळ उतारावर झाली नाही. ती झाली वाटेच्या शेवटी, बारीक खडीच्या साध्या वळणावर, जिथे मी तोवर शेकडो वेळा वळले असेन. तीन तास झाले होते, पाणी संपले होते, कठीण भाग मागे पडला म्हणून मन सैल झाले होते. पुढचे चाक बाहेर घसरले आणि काही कळायच्या आत मी जमिनीवर होते. सायकलचे नुकसान किरकोळ होते. मागच्या डिरेलरला, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाला, फ्रेमशी जोडणारा छोटा तुकडा वाकला होता. हा तुकडा मुद्दामच मऊ ॲल्युमिनियमचा करतात, म्हणजे धक्का त्याच्यावर निभावतो आणि फ्रेम वाचते. माझ्या मनगटात असा तुकडा नव्हता. ते सहा आठवडे पट्टीत राहिले.

परत सायकलवर बसले तेव्हा मनगट बरे झाले होते, पण हातांची धाटणी बदलली होती. भीती मनात असते असे आपण म्हणतो. मला ती कोपरांत आणि बोटांत सापडली. भ्यालेले शरीर मागे सरकते, हात ताठ होतात, नजर पुढच्या चाकाच्या तोंडाशी येऊन थांबते. मागे सरकल्यामुळे पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, भार कमी झाल्यामुळे त्याची पकड जाते, आणि ज्या घसरण्याची भीती असते तेच घडण्याची शक्यता वाढते. हे चक्र तोडायला मला जवळपास चार महिने लागले. माझी मैत्रीण, जी माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने सायकल चालवते, तिने त्या काळात एकदाही “घाबरू नकोस” असे म्हटले नाही. ती एवढेच सांगायची, “वळण संपते तिथलं झाड बघ.” ती माझ्यापुढे संथ गतीने जायची आणि मी तिच्या चाकाकडे न पाहता तिने सांगितलेल्या झाडाकडे पाहायचे. भीतीशी वाद घालण्यापेक्षा नजरेला काम देणे अधिक उपयोगी पडले. त्या महिन्यांत अवघड जागी मी निःसंकोच उतरून चालत असे, आणि आजही एखाद्या दिवशी मन नाही म्हणाले तर चालते.

जमिनीचा स्वभावही रोज वेगळा असतो. जोरदार पावसानंतर लगेच मी वाटेवर जात नाही. चिखलात घसरण्याची भीती हे त्याचे दुय्यम कारण आहे. ओल्या मातीत चाकांनी पाडलेले चर तसेच वाळतात, पुढच्या पावसाचे पाणी त्यांतूनच धावते आणि काही महिन्यांत वाटेची नाली होते. एकदा वाट दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर दिवसभर फावडे चालवले, तेव्हा त्यांनी एक साधा नियम समजावला: वाटेचा चढ हा डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा. चढ या मर्यादेत असला की पाणी वाट ओलांडून खाली जाते; जास्त असला की पाणी वाटेलाच आपला मार्ग करते. तेव्हापासून मी प्रत्येक वाटेकडे पाण्याच्या दृष्टीने पाहू लागले. त्याच दिवशी, उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आणि सायकलने पायी चालणाऱ्याला वाट द्यावी, हा बहुतेक ठिकाणी पाळला जाणारा शिष्टाचारही मला मनापासून पटला, कारण तीव्र चढावर एकदा थांबलेली सायकल पुन्हा सुरू करणे किती कठीण असते हे चढणाऱ्यालाच ठाऊक असते.

पाऊस पडून एक-दोन दिवस झालेले असावेत, वरची माती कोरडी पण आतून ओलसर असावी, अशा मोजक्याच सकाळी मिळतात. त्या वेळी टायर जमिनीला असा काही धरतो की हाताखालची सायकल दुसऱ्याच कुणाची वाटावी. वहीतल्या बरोबरच्या बहुतेक खुणा अशा सकाळच्या आहेत, आणि ते मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. पण तापानंतरच्या त्या सकाळी मात्र माती भुसभुशीत होती. त्या दिवशी अंगात जोर नसल्यामुळे मी पेडलला हिसके दिले नाहीत, घाई केली नाही, आणि वळण जमवायचेच असा हट्टही नव्हता. वहीत त्या तारखेपुढे मी फक्त “हळू” एवढेच लिहिले आहे.

गेल्या रविवारी पाय पुन्हा टेकला, दुसऱ्या आणि तिसऱ्या मुळाच्या मधे. गिअर योग्य होता, बसणेही योग्य होते. नजर मात्र शेवटच्या क्षणी पायरीवरून मुळावर उतरली आणि चाक तिच्या मागे गेले. मी दहा-बारा मीटर खाली जाऊन पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा मुळे ओलांडली आणि पायरीवर मागचे चाक फिरले. तिसऱ्या प्रयत्नाला मांड्या थरथरू लागल्या होत्या, म्हणून थांबले आणि मुळांजवळ बसून पाणी प्यायले. या रविवारी मागच्या टायरमधली हवा दोन पीएसआयने कमी करून जाणार आहे.