पाठीवरचा टॅटू आणि ठाण्यातला घाम
पाठीवर टॅटू काढून आज नववा दिवस आहे आणि पांढरट पापुद्रे सुटून सुती सदऱ्याला चिकटू लागले आहेत. सुई शाई त्वचेच्या आतल्या थरात सोडते. वरची कातडी भरून येण्यास साधारण 2 ते 4 आठवडे लागतात, आणि तोवर खपली ओढली तर तिच्याबरोबर रंगही जाऊ शकतो. पाठीपर्यंत माझा हात पोहोचत नसल्याने बिनवासाच्या साबणाने धुणे, टिपून कोरडे करणे आणि मलमाचा पातळ थर लावणे ही कामे आईकडे आली आहेत. टॅटूवर ती अजून नाराज आहे, पण मलम जास्त झाले की तीच टिपून घेते. ठाणे स्थानकातील गर्दीत सॅक पोटाशी धरतो, रात्री पालथा झोपतो. पोहणे बंद. लाली पसरली किंवा पू आला, तर मात्र थेट डॉक्टरांकडे जाणार आहे.