पीएच.डी.ची जागा नेमकी कुठून येते

पीएच.डी.ची जाहिरात आली की विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, पेट कधी आहे?" पेट म्हणजे विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा. पण त्याआधी विचारायला हवं ते वेगळंच: माझ्या विषयात, मला ज्यात काम करायचंय त्या भागात, कोणत्या मार्गदर्शकाकडे जागा रिकामी आहे? एम.ए., एम.एस्सी.ला वर्गाची प्रवेशक्षमता ठरलेली असते आणि दरवर्षी तेवढ्या जागा भरतात. पीएच.डी.ला जागा मार्गदर्शकाच्या नावावर असतात. त्याच्याकडचा एखादा विद्यार्थी बाहेर पडला तरच नवा आत येतो. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पेट उत्तम गुणांनी पास होऊनही प्रवेशाविना राहिलेली मुलं दरवर्षी दिसतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

हिशेब साधा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. विनियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात. परदेशी विद्यार्थी असतील तर या संख्येवर आणखी दोन. मार्गदर्शक होण्यासाठी तो कायम सेवेत हवा, स्वतः पीएच.डी. हवा, आणि समीक्षित नियतकालिकांत प्राध्यापक व सहयोगी प्राध्यापकाचे किमान 5, सहायक प्राध्यापकाचे किमान 3 शोधनिबंध हवेत. तासिका तत्त्वावरचे किंवा कंत्राटी शिक्षक कितीही विद्वान असले तरी त्यांच्या नावावर जागा निघत नाही. कायमस्वरूपी पदं वर्षानुवर्षं रिकामी राहिली की विभागातल्या पीएच.डी.च्या जागाही आटतात. प्राध्यापक भरतीचा प्रश्न संशोधक विद्यार्थ्यांचाही आहे, हे फार कमी वेळा बोललं जातं.

निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. आधीच्या विद्यार्थ्यांचं काम तो निवृत्तीपर्यंत बघू शकतो, आणि नंतर सह-मार्गदर्शक म्हणून वयाच्या सत्तरीपर्यंत. म्हणजे मोठं नाव पाहून ज्या सरांकडे जायचं तुम्ही ठरवलंय, त्यांच्या नावासमोर रिक्त जागा शून्य असण्याची शक्यता बरीच असते.

म्हणून जाहिरातीसोबतची रिक्त जागांची यादी सावकाश वाचा. तिच्यात साधारणपणे मार्गदर्शकाचं नाव, संशोधन केंद्र, मान्य संख्या, सध्या नोंदणी असलेले विद्यार्थी आणि उरलेल्या जागा असतात. एखाद्या सहायक प्राध्यापकासमोर मान्य 4, नोंदणी 3, रिक्त 1 असं दिसलं तर लगेच खूश होऊ नका. ती एक जागा कोणत्या प्रवर्गाची आहे, ते बघा. मग त्यांचे अलीकडचे निबंध काढून वाचा. अर्थशास्त्रातला मार्गदर्शक आणि अर्थशास्त्रातला विद्यार्थी एवढ्याने जुळत नाही. एकाचं काम बँकिंगवर आणि दुसऱ्याला पाणीवाटपावर लिहायचं असेल तर तीन वर्षं दोघांचीही ओढाताण होते. कोणत्या मार्गदर्शकाकडे कोणत्या विषयावर किती वर्षांपासून विद्यार्थी आहेत, याची वर्षनिहाय यादी संकेतस्थळावर ठेवणं विद्यापीठाला बंधनकारक आहे. सहा-सात वर्षांपूर्वीच्या नोंदणीची नावं एकाच मार्गदर्शकाखाली अजून दिसत असतील तर त्या विद्यार्थ्यांना जरूर भेटा.

आता हे सगळं ठरवतं कोण? आयोगाचे विनियम ही किमान अट. ती खाली आणता येत नाही, पण विद्यापीठ तिच्यावर स्वतःचे नियम घालू शकतं. राज्यातली सार्वजनिक विद्यापीठं महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 खाली चालतात. तो 1 मार्च 2017 पासून लागू आहे. शैक्षणिक बाबतीत तिथे विद्यापरिषदेचा शब्द अखेरचा, त्यामुळे पीएच.डी.चे नियमही तिच्याच मान्यतेने येतात. रोजच्या व्यवहारात मात्र विद्यार्थ्याचा संबंध तीन ठिकाणी येतो. एक म्हणजे संशोधन केंद्र, म्हणजे विद्यापीठाचा विभाग किंवा मान्यताप्राप्त महाविद्यालय. दुसरी, विषयनिहाय संशोधन व मान्यता समिती. तिला सगळे आरआरसी म्हणतात. तिसरा, विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतला पीएच.डी. विभाग. तिथेच फाईल असते. केंद्रातल्या क्लार्कने "पाठवलंय" म्हटलं तरी पीएच.डी. विभागात आवक क्रमांक पडल्याशिवाय कागद पोचला असं समजू नका. प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा.

पात्रतेत दोन वाटा आहेत. नेहमीची वाट पदव्युत्तर पदवी 55 टक्क्यांनी. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना 5 टक्क्यांची सवलत. दुसरी, चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी पूर्ण करून थेट. इथेही तीच सवलत. एम.फिल. 2022 च्या विनियमांनी बंद झालं, पण आधी मिळवलेलं एम.फिल. ग्राह्य आहे. गोंधळ होतो तो सीजीपीए टक्क्यांत बदलताना. 54.8 चे 55 होत नाहीत. ज्या विद्यापीठाची पदवी आहे त्याच विद्यापीठाचं रूपांतराचं अधिकृत पत्र लावा. इंटरनेटवर सापडलेलं सूत्र वापरून भरलेली टक्केवारी कागदपत्र पडताळणीत टिकत नाही. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपते, आणि प्रवेशप्रक्रिया मार्चच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळली की हमखास कुणीतरी अडकतं. नवं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांनी मायग्रेशनचा अर्जही तेव्हाच करावा.

परीक्षेच्या बाबतीत 2024 पासून बदल झाला. 28 मार्च 2024 च्या आयोगाच्या सूचनेनुसार नेटचा (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) आणि सहायक प्राध्यापकपद, सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. जेआरएफवाल्यांची निवड मुलाखतीवर होते. बाकी दोन गटांत नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो, आणि हे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. निकालावरची तारीख बघूनच अर्जाचं गणित करा. अनेक विद्यापीठं स्वतःची पेटही घेतात. तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. मुलाखतीला जायला 50 टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना 5 टक्के सवलत. तिथेही 70-30 हेच प्रमाण. सेटचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. सेट ही राज्यपातळीवरची परीक्षा आहे आणि 2022 च्या विनियमांत सवलत राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षांना आहे. सेट झालेल्यांना पेटमधून सूट आहे की नाही, हे त्या-त्या वर्षीच्या अधिसूचनेत शोधा. मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी अनुभवावर विसंबू नका.

70-30 चा अर्थ आकड्यांत बघू. एकाला परीक्षेत 74 आणि मुलाखतीत 50 मिळाले. त्याचे 51.8 अधिक 15, म्हणजे 66.8. दुसऱ्याला परीक्षेत 62 आणि मुलाखतीत 80. त्याचे 43.4 अधिक 24, म्हणजे 67.4. परीक्षेतला बारा गुणांचा फरक मुलाखतीत भरून निघाला. मुलाखत ही औपचारिकता समजून नुसता बायोडेटा घेऊन जाणाऱ्यांचं नुकसान इथे होतं.

मुलाखतीत समिती बघते ती तुमची संशोधनाची कल्पना. सर्वांत जास्त आराखडे पडतात ते शीर्षकाच्या व्याप्तीपायी. "महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीचा अभ्यास" हे शीर्षक ऐकलं की पहिला प्रश्न येतो: कोणते शेतकरी, किती, कोणत्या काळातले, आणि आर्थिक स्थिती मोजणार कशाने? त्याऐवजी "सांगली जिल्ह्यातील लहान द्राक्ष बागायतदारांची पीककर्ज परतफेड : 2015 ते 2020" असं घेतलं तर प्रश्न मर्यादेत येतो, नमुना ठरवता येतो, आणि जिल्हा बँकेकडून कोणती माहिती मागायची तेही लक्षात येतं. मग आराखड्यात हे यावं: आधी काय काम झालंय, त्यात कुठली जागा रिकामी राहिली, तुम्ही ती कोणत्या सामग्रीने भरणार, आणि ती सामग्री मिळेल याची खात्री काय. शेवटचा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. एखाद्या कार्यालयाच्या नोंदींवर सगळा प्रबंध उभा असेल तर त्या नोंदी पाहायला मिळतात का, हे आधीच विचारून या. गृहीतक सिद्ध होणारच, अशा थाटात लिहू नका. ते चुकीचं निघालं तर तुम्ही काय कराल, हा समितीचा आवडता प्रश्न आहे आणि तो अगदी योग्य आहे.

मार्गदर्शकाचं संमतिपत्र म्हणजे प्रवेश नव्हे. उपलब्ध जागा, तज्ज्ञता आणि मुलाखतीत तुम्ही सांगितलेला विषय पाहून मार्गदर्शक विद्यापीठ ठरवतं. संमतिपत्र असलं तर मदत होते, पण गुणवत्ता यादीत वर असलेल्याचा हक्क त्याने जात नाही. तसा तो जात असेल तर तिथे लेखी हरकत घ्यावी, आणि ती यादीवर आक्षेप नोंदवण्याच्या मुदतीतच घ्यावी.

पुढे तारखांची फार काळजी घ्यावी लागते. तात्पुरता प्रवेश, शुल्क भरल्याची तारीख, आरआरसीची मान्यता, नोंदणीचं पत्र अशा चार तारखा पुढे-मागे पडतात. सहा वर्षांची कमाल मुदत प्रवेशाच्या तारखेपासून धरली जाते, त्यामुळे आरआरसीची बैठक लांबली तर तुमचाच वेळ जातो. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातीत नोंदणीच्या तारखेची अट असते. नोंदणीपत्रावर तारीख चुकली किंवा उशिरा पडली तर लाखोंचं नुकसान होऊ शकतं. जेआरएफची रक्कमच 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 आणि एसआरएफची (वरिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची) 42,000 रुपये आहे, त्यावरून अंदाज येईल. पत्र हातात पडल्याबरोबर नाव, विषयाचं शीर्षक, केंद्र आणि तारीख तपासा. चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या.

नोकरी करून अर्धवेळ पीएच.डी. करता येते. त्यासाठी मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल व गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.तल्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) कार्यमुक्त केलं जाईल, असं स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. "आमची हरकत नाही" एवढ्या एका ओळीचं पत्र परत येतं. परदेशी संस्थांच्या नावाने शैक्षणिक कंपन्या विकतात त्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही, हे आयोग आणि एआयसीटीई (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) यांनी ऑक्टोबर 2022 मध्ये जाहीरपणे सांगितलेलं आहे. त्यात पैसे घालू नका.

कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा विषय सक्तीचा, आणि 55 टक्के लागतात. त्यानंतर दर सत्राला संशोधन सल्लागार समितीसमोर सादरीकरण. मार्गदर्शक या समितीचा निमंत्रक असतो. तिच्या अहवालाची प्रत विद्यार्थ्याला मिळायला हवी. ती मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढे मार्गदर्शकाशी बिनसलं किंवा मुदतवाढ मागायची वेळ आली, तर तुमचं काम वेळेत चालू होतं हे सांगणारा तोच एक कागद असतो. प्रगती समाधानकारक नसेल तर समितीने कारणं आणि उपाय लेखी द्यायचे असतात. तोंडी नाराजीवर नोंदणी रद्द होत नाही. पुनर्नोंदणीने दोन वर्षं वाढून एकूण आठ होतात. महिला आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन, म्हणजे दहा. प्रसूती व बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा मिळते, ती अर्ज करूनच घ्यावी.

प्रबंध देताना साम्य अहवाल, म्हणजे तुमचा मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो याचा अहवाल लागतो. आयोगाच्या 2018 च्या विनियमांत 10 टक्क्यांपर्यंत कारवाई नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, 40 ते 60 असेल तर वर्षभर देता येत नाही, आणि 60 च्या वर नोंदणी रद्द. अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका यांतून वगळलेल्या असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये ते पर्याय लावले आहेत का हे ग्रंथालयात स्वतः उभं राहून बघा. शोधनिबंध छापलाच पाहिजे, ही अट आयोगाने 2022 मध्ये काढली. काही विद्यापीठांच्या नियमांत मात्र ती अजूनही असू शकते.

प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. दोघांनीही शिफारस केली तरच व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा होते. एकाने नाकारला तर तिसऱ्याकडे जातो, आणि त्यानेही नाकारला तर प्रबंध नामंजूर. ही सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत पुरी व्हावी असा नियम आहे. तो मोडतो तो बहुधा परीक्षकांची संमती वेळेवर न आल्यामुळे, म्हणून चौथ्या महिन्यात पीएच.डी. विभागाला लेखी विचारणा करायला संकोच करू नका. निकालाआधी प्रबंधाची प्रत शोधगंगेसाठी, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारासाठी, ते चालवणाऱ्या इन्फ्लिबनेटकडे जाते. पदवी मिळण्यापूर्वी विद्यापीठ एक तात्पुरतं प्रमाणपत्र देतं, ज्यात ही पीएच.डी. आयोगाच्या विनियमांनुसार आहे असं लिहिलेलं असतं. तुमची नोंदणी ज्या वर्षीची असेल त्या वर्षी लागू असलेल्या, म्हणजे 2009, 2016 किंवा 2022 च्या विनियमांचाच उल्लेख त्यात हवा. सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीत हा कागद मागतात, तेव्हा वर्ष चुकलेलं असेल तर व्हायवा झाल्या-झाल्याच दुरुस्त करून घ्या.