तिरके नऊ

मंगळवार, रात्री साडेअकरा

वहिनी सहज म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. लोकरीच्या पलंगपोसाचे विणलेले ६३ चौकोन मी पलंगावर मांडून दाखवत होते, नऊ-नऊच्या सात ओळी. ती म्हणाली, "अगं, मधले हे तिरके काढून टाक ना. बाकीचे किती सुरेख झालेत!"

संध्याकाळपासून तेच डोक्यात. काढून टाक.

ते नऊ तिरके आहेतच. चौकोन कुठले, शंकरपाळे. टकळीवरचा धागा एकेरी ठेवला आणि पीळ जास्त झाला, की सुलट विणीचा चौकोन एका अंगाला कलतो. पुढे दोन धागे उलट्या दिशेने एकत्र पिळायला शिकले, तेव्हापासूनचे ५४ सरळ उतरले. या नवांना भिजवून, ताणून, टाचण्या लावून सुकवलं. श्रावणातली हवा, तीन दिवस गॅलरी अडली, घरभर मेंढीचा वास. पुन्हा पाणी लागलं की परत तिरके. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं.

एवढा पीळ पडला कसा? नानांच्या खाटेशी बसून रात्र-रात्र टकळी फिरायची. थांबायचं कुठे, ते हाताला कळत नव्हतं. जाऊ दे.

जेवणं झाल्यावर एक उसवायला घेतला. पाचव्या ओळीत तुटला. हातानं कातलेल्या धाग्यात पीळ बारीक जागी जाऊन साठतो, जाड जागा मोकळी राहते आणि तिथेच सुटून येते. चिमटीत नुसता पिंजलेला पुंजका. रडूच आलं. इतक्या रात्री जागून कातलं, त्यातलं कुणाला काय दिसलं? फक्त तिरकं दिसलं.

मग टोकं ओल्या तळव्यांत घोळवून जोडली, टाके सुईवर घेतले, पाच ओळी पुन्हा विणल्या. तो खाली ठेवताना दुसऱ्या तिरक्याशेजारी पडला आणि कडेला कड बसली. एक सुरकुती नाही! लपावेत म्हणून मी त्यांना सरळ चौकोनांत विखरून ठेवत होते, आणि झोळ पडत होता तो तिथेच. सगळे एकाच अंगाला कललेले. नऊच्या नऊ ओळीनं लावले, अख्खी पट्टी सपाट बसली. दोन टोकं तेवढी तिरकी. एक उशीखाली जाईल, एक पायाशी दिसेल. दिसू दे.

त्याच धाग्याची सुपारीएवढी गुंडी उरलीय. शिवताना एकेरी टिकणार नाही, म्हणून दुहेरी करून उलटा पीळ दिलाय. नऊ जोडायला पुरेल बहुतेक.