हात न टेकता

वयाच्या बासष्टाव्या वर्षी आज पहिल्यांदा हात न टेकता खुर्चीवरून सलग 10 वेळा उठलो. समोर मेथी निवडत बसलेली सौ. मोजत होती, मध्ये एकदा तिचे लक्ष जुडीकडे गेले, त्यामुळे कदाचित 11 झाले असतील.

सरकारी केंद्रांतून एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, मोफत मिळायला 2004 मध्ये सुरुवात झाली आणि पुढच्याच वर्षी माझ्या गोळ्या चालू झाल्या. त्यातल्या त्या काळच्या स्टॅव्युडिन या औषधाने जीव वाचवला खरा, पण गालांवरची आणि हातापायांवरची चरबी अशी झडली की पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. विषाणू आटोक्यात असला तरी शरीरात रेंगाळणारा सौम्य दाह वयोमानाने होणाऱ्या स्नायूंच्या झिजेत भर घालू शकतो, टेनोफोव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधामुळे हाडांची घनताही काहीशी घटते, म्हणून नुसते चालणे पुरेसे नाही, ताकदीचे व्यायामही हवेत, असे फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितले तेव्हा मला ते तरुणांचे खूळ वाटले होते.

आता आठवड्यातून दोनदा लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या उचलतो. गुडघे अजून कुरकुरतात. उद्या विश्रांती, परवा मात्र बाटल्यांत पाण्याऐवजी वाळू भरायची आहे.