काळ्या मेंदीपासून तांबूस बॉबपर्यंत: अकरा महिन्यांची नोंद

काल रात्री पुन्हा शिवणाची टेप लावली. डोक्याच्या मधोमधची एक बट सरळ ताणून धरली, ३३ सेंटीमीटर भरली. गेल्या ऑक्टोबरमध्ये हीच बट ५८ होती, टोकाला कोळशासारखी काळी आणि मुळाशी भडक नारिंगी. आज ती मुळापासून टोकापर्यंत एका रंगाची आहे, घासलेल्या तांब्याच्या घागरीसारखी. या अकरा महिन्यांत जे कळलं ते सविस्तर लिहून ठेवतेय, कारण काळी मेंदी सोडून रंगाकडे वळणाऱ्या खूप जणी नेमक्या मी अडकले होते तिथेच अडकतात.

सुरुवात बिघडण्यापासूनच झाली. दिवाळीआधी एका पार्लरमध्ये गेले, फोटो दाखवला, तांबूस रंग हवा म्हणून सांगितलं. आधी काय काय लावलंय हे तिथे कुणी विचारलं नाही. आपणहून सांगायला हवं, हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. मुळापासून टोकापर्यंत एकदम ४० व्हॉल्यूमने, म्हणजे खूप तीव्र पेरॉक्साइड मिसळून रंग लावला (व्हॉल्यूमचा आकडा जितका मोठा, तितकं पेरॉक्साइड तीव्र). धुतल्यावर आरशात तीन पट्टे दिसले. मुळाशी दोन बोटं झेंडूसारखी नारिंगी, मधला भाग मळकट तपकिरी आणि खालचा वीतभर भाग होता तसाच काळा.

घरी येऊन रडले आणि मग वाचायला बसले. मुळं भडक झाली ती टाळूच्या उष्णतेमुळे. टाळूलगतच्या सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरमध्ये रंगाची क्रिया जास्त वेगाने होते, म्हणून न रंगवलेल्या केसांना आधी लांबीवर रंग लावायचा आणि मुळांना शेवटी. खालचे केस हललेच नाहीत ते काळ्या मेंदीमुळे. आपली साधी मेंदी लाल रंग देते, त्यातलं लॉसोन केसाच्या केराटिनला घट्ट धरून बसतं. ‘काळी’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पुड्यांमध्ये तर मेंदीपेक्षा पीपीडी हा रासायनिक रंगच काम करत असतो. आणि एकदा चढलेला कृत्रिम रंग दुसरा रंग लावून उजळत नाही. वर कितीही तांबूस थापा, खालचा काळा जागचा हलणार नाही.

मग प्रश्न उरला, माझ्या डोक्यावर काळी मेंदी नेमकी कुठपर्यंत आहे? नारिंगी आणि तपकिरीच्या गोंधळात ती रेषा डोळ्यांना दिसत नव्हती. ती शोधण्यात डिसेंबर गेला, आणि या सगळ्या प्रवासातला माझा सगळ्यात आवडता महिना तोच.

भांगाजवळ, जुना रंग संपून नवा काळा केस सुरू होतो ती सीमा टेपने मोजली. एकतीस दिवसांनी पुन्हा मोजली. ११ मिलिमीटर. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण आपल्या डोक्याचा आकडा आपणच काढावा. शेवटची काळी मेंदी भावाच्या लग्नाआधी लावली होती, जानेवारीत तिला अठ्ठावीस महिने होणार होते. अठ्ठावीस गुणिले अकरा, म्हणजे ३०.८ सेंटीमीटर. मुळापासून एकतीस सेंटीमीटरच्या पुढे जे काही आहे, ते मेंदीचं.

हिशोब बरोबर आहे का हे बघायला मानेजवळून, आतल्या बाजूने दोन बटा कापल्या. पेन्सिलीएवढ्याही जाड नव्हत्या. एक बट ६ टक्के पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे थोडे थेंब घालून काचेच्या वाटीत अर्धा तास बुडवली. स्वयंपाकघरातली खिडकी उघडी, हातात ग्लोव्ह्ज. काही मेंद्यांमध्ये धातूचे क्षार असतात आणि तसं असेल तर वाटी तापते, फेस येतो, केस तुटू लागतो. अशा डोक्यावर पेरॉक्साइड नेणं धोक्याचं आहे. मी दर पाच मिनिटांनी वाटीला बाहेरून हात लावून बघत होते. वाटी गार राहिली. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

दुसरी बट फॉइलमध्ये ठेवून २० व्हॉल्यूमचं ब्लीच लावलं. पाऊण तासाने धुऊन पांढऱ्या रुमालावर ठेवली. मुळाकडून अर्ध्याहून जास्त भाग पिवळट नारिंगी झाला होता, पुढे एका ठिकाणी रंग अचानक गडद होऊन टोकापर्यंत काळपट लाल राहिला होता. ती जागा टेपने मोजली, मुळापासून ३० सेंटीमीटर. बोटांमध्ये धरून ओढली तर वरचा भाग थोडा ताणून परत येत होता, टोकाचा भाग न ताणता तुटला. ती बट अजून माझ्या वहीत चिकटवलेली आहे.

त्या बटेनेच निर्णय दिला. मेंदीशी झगडायचं नाही, ती कापून टाकायची.

जानेवारीतल्या एका रविवारी दादरला गेले. या वेळी वही सोबत नेली. केस कापणाऱ्या ताईंनी ती बट उजेडात धरून नीट पाहिली आणि म्हणाल्या, “असं कुणी दाखवलं ना, की आमचं अर्धं काम होतं.” केस मानेपर्यंत ठेवायचे ठरले. मला एका सरळ रेषेतला ब्लंट बॉब हवा होता, पण त्यांनी समजावलं की माझ्यासारख्या दाट, किंचित कुरळ्या केसांचा सरळ बॉब मुंबईच्या दमट हवेत खालून फुगतो आणि त्रिकोण दिसतो. त्यांनी बाहेरची रेषा सरळ ठेवली आणि आतून, कानाच्या खालच्या भागातलं वजन कमी केलं. डोक्याच्या माथ्यावर थिनिंगची, म्हणजे केस विरळ करणारी कात्री अजिबात चालवली नाही, कारण तिथले आखूड केस पावसाळ्यात उभे राहतात. तुमचेही केस दाट असतील तर हे आधीच बोलून घ्या. माथ्यावरचं थिनिंग वाढून जायला वर्ष लागतं.

घरी आल्यावर आई दारातच थांबली. “अगं, एवढे कापलेस?” म्हणाली आणि मागून मानेवरून हात फिरवला. काळी मेंदी माझ्या डोक्याला पहिल्यांदा तिनेच लावली होती, लोखंडी कढईत रात्रभर भिजवून, चहाचं पाणी घालून. आमच्या दोघींचा तो रविवारचा ठरलेला कार्यक्रम असायचा. म्हणून ती पुढे काही बोलली नाही तरी तिला काय वाटलं ते कळलं.

मार्चमध्ये, होळीनंतर, खरा रंग. होळीच्या आदल्या रात्री केसांना खोबरेल तेल चोपडून घट्ट बांधले होते, म्हणजे रंगाचे डाग चढू नयेत. नंतर दोन आठवडे थांबले. सामान क्रॉफर्ड मार्केटच्या गल्लीतून आणलं: वाट्या, ब्रश, शेपटीचा कंगवा, क्लिपा आणि डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं पेरॉक्साइड. डेव्हलपरची बाटली सीलबंदच घ्या आणि तारीख बघा, उघडलेलं पेरॉक्साइड हळूहळू कमजोर होत जातं.

रंग निवडताना एक गोष्ट समजली आणि मला फार आनंद झाला. आपला काळा केस उजळायला लागला की आधी लाल दिसतो, मग नारिंगी, मग पिवळा. राखाडी किंवा बेज छटा हवी असेल तर हा नारिंगी दाबण्यासाठी निळा टोनर लागतो आणि तो उतरला की नारिंगी पुन्हा वर येतो. तांबूस रंग मात्र त्या नारिंगीलाच सोबत घेतो. आपल्या केसांत तांबं आधीपासूनच आहे, ते फक्त वर आणायचं. म्हणून पहिल्यांदाच रंग करणाऱ्या आपल्याकडच्या मुलींना मी मनापासून तांबूस छटाच सुचवते.

खोक्यावर ६.४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. टिंबाआधीचा आकडा उजळपणा सांगतो, १ म्हणजे काळा, १० म्हणजे सगळ्यात फिका. टिंबानंतरचा आकडा छटा सांगतो. मी वापरते त्या कंपनीत ४ म्हणजे तांबूस, पण हे आकडे कंपनीगणिक बदलतात, तेव्हा तक्ता बघूनच घ्या. कानामागे थेंब लावून ४८ तास थांबले. काळ्या मेंदीमुळे माझा पीपीडीशी वर्षानुवर्षं संबंध आलेला, आणि त्याची ॲलर्जी कितव्याही वेळी उद्भवू शकते. आधी कधी झाली नाही म्हणून ही चाचणी टाळू नका.

तीन वाट्या केल्या. नव्याने उगवलेल्या साडेपाच सेंटीमीटरसाठी ६.४ आणि २० व्हॉल्यूम. नारिंगी पट्ट्यासाठी त्याहून एक पायरी गडद ५.४ आणि १० व्हॉल्यूम, कारण तिथे उजळायचं नव्हतं, रंग भरायचा होता. उरलेल्या लांबीला ६.४, पण १० व्हॉल्यूमनेच. नव्या केसांत टाळूलगतचा सेंटीमीटर सोडून आधी लावलं, वीस मिनिटांनी तो सेंटीमीटर. आत्येबहीण मागे उभी राहून कंगव्याने भांग पाडत होती, मी मोबाइलवर वेळ लावत होते. धुऊन बाल्कनीत आले तेव्हा भांडुपच्या टेकडीमागे सूर्य उतरत होता आणि केसांत कुठेच पट्टा नव्हता. बहीण मला संध्याकाळभर “फिरून उभी राहा” म्हणत होती.

एप्रिल-मे फार लिहिण्यासारखे नाहीत, पाणी सोडून. पालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा पावसावर भरणाऱ्या तलावांचं, केसांना मऊ. उन्हाळ्यात आमच्या इमारतीला टँकर येऊ लागले आणि केस पंधरा दिवसांत काथ्यासारखे झाले. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार केसांवर बसतात, रंगही मंद दिसतो. केस धुताना शेवटचं पाणी पिण्याचं घ्यायला लागले, एक तांब्याभर, त्यात चमचाभर व्हिनेगर. फरक पडला.

तांबूस रंग लवकर उतरतो हे मान्य करूनच चाला. दर दोन आठवड्यांनी कंडिशनरमध्ये डेव्हलपर न लागणारा तांबूस रंग मिसळून अर्धा तास ठेवते. गरम पाणी बंद.

जूनमध्ये पुढे झालर कापली. आईचा कॉलेजातला एक फोटो आहे, साधना कट केलेला. अभिनेत्री साधनाच्या कपाळावरच्या त्या झालरीने १९६० नंतर मुलींना वेड लावलं होतं आणि आईच्या वेळेलाही ती टिकून होती. पावसाळ्यात मात्र माझी झालर फक्त घरात नीट राहायची. ब्लो-ड्रायने केसातले जे हायड्रोजन बंध नव्या आकारात बसवतो, ते ओलाव्याने सुटतात. लेडीज डब्यात दाराशी उभी राहिले की कुर्ल्यापर्यंत झालर गुंडाळलेली असायची. ऑगस्टपर्यंत पिनेने बाजूला घेतली, आता ती गालापर्यंत आलीय आणि फ्लिक म्हणून छान बसते.

गणपतीत नऊवारी नेसायची होती आणि खोपा बॉबचा कसा घालणार, ही काळजी. गंगावन आणलं, पण ते काळं, माझे केस तांबूस. मग गंगावनालाच दोनदा साधी लाल मेंदी लावून पाहिली. खऱ्या केसांचं होतं म्हणून थोडी लालसर झाक आली, पूर्ण जुळलं नाही. जुळत नव्हता तो भाग गजऱ्याने झाकला. दादरच्या फुलबाजारातून दाट मोगऱ्याचा गजरा आणला. आखूड केसांत गजरा घसरतो, त्यासाठी युक्ती अशी की आधी दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या केसांत खोचायच्या आणि गजऱ्याचा दोरा त्या फुलीत अडकवायचा. आरतीत टाळ्या वाजवून, विसर्जनाला नाचूनसुद्धा तो हलला नाही.

आरतीनंतर आईने माझी बट हातात घेऊन बघितली. “पांढऱ्यावर चढेल का गं हा?” चढेल, पण पांढऱ्यावर तांबूस एकदम झळाळतो, म्हणून तिच्यासाठी ५ च्या साध्या छटेत थोडा तांबूस मिसळावा लागेल. आणि तिची काळी मेंदी अजून टोकांना आहे, म्हणजे आधी मोजणं, आधी वाटी, आधी बट. शनिवारी रात्री तिच्या कानामागे थेंब लावला आहे. सोमवारी रात्री बघायचं.