'मेदवेद' या शब्दातला 'व'

रशियन भाषेत अस्वलाला 'मेदवेद' म्हणतात. हा शब्द मी प्रथम शिकलो, तेव्हा त्याची फोड मनाशीच करून टाकली होती: 'म्योद' म्हणजे मध, 'वेदात्' म्हणजे जाणणे, तेव्हा मेदवेद म्हणजे मधाचा ठावठिकाणा जाणणारा. 'वेदात्' हे संस्कृतातील 'विद्' धातूचे सख्खे भावंड असल्यामुळे ही फोड इतकी पटली, की वहीच्या समासात मी 'मधुविद्' असे लिहूनही ठेवले. अनेक रशियन माणसेही हाच अर्थ लावतात. पण ही व्युत्पत्ती चुकीची आहे.

खरे घटक 'मेदु' आणि 'एद' हे आहेत. प्राचीन स्लाव्ह भाषेत मधाचा शब्द उकारान्त होता आणि 'एद' हा खाणे या अर्थाचा धातू, म्हणजेच आपला 'अद्'. 'मनु' आणि 'अंतर' मिळून 'मन्वंतर' होताना उकाराचा जसा 'व' होतो, तसाच तो येथेही झाला. संस्कृतात मधु आणि अद् यांपासून 'मध्वद्' होते, आणि हा शब्द प्रत्यक्षात आढळतोही: ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील 164व्या सूक्तात झाडावर बसणाऱ्या पक्ष्यांना 'मध्वदः' म्हटले आहे. पुढे रशियनमधील मधाच्या शब्दाने शेवटचा उकार गमावला. समासात मात्र तो 'व' होऊन टिकला आणि त्याचे मूळ विसरल्यामुळेच लोकांना त्यात 'वेदात्' दिसू लागले. याच दोन घटकांपासून नंतरच्या काळात, मध्ये 'ओ' हा जोडस्वर घालून, 'मेदोयेद' हा शब्द घडला. तो रॅटेल (हनी बॅजर) या प्राण्याचे नाव आहे. दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले, की भाषेचे दोन थर एका ओळीत दिसतात.

मला अधिक विलक्षण वाटते ते हे, की मुळात हे नाव नव्हतेच. संस्कृत 'ऋक्ष', ग्रीक 'आर्क्तोस' आणि लॅटिन 'उर्सुस' हे अस्वलाच्या एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. स्लाव्ह भाषांत मात्र त्याचा मागमूस उरलेला नाही. नाव उच्चारले तर तो प्राणी समोर येऊन उभा राहील, या भीतीने शिकाऱ्यांनी ते टाळले आणि 'मध खाणारा' एवढेच म्हटले, असे भाषाशास्त्रज्ञ सामान्यतः मानतात. कालांतराने हे टोपणनावच खरे नाव झाले, तेव्हा रशियनांनी त्यालाही पर्याय शोधले: पाय आत वळवून चालतो म्हणून 'कोसोलापी', धपधप पाय आपटतो म्हणून 'तोप्तीगिन', आणि घरच्या मुलाला हाक मारावी तसे 'मीश्का'.