घरचा मोठा रेझिन प्रिंटर आणि आजोबांचा नंदी

गेल्या वर्षी मे महिन्यात माळ्यावरून आजोबांचा सागवानी नंदी खाली काढला आणि पुसण्यासाठी त्याच्या पोटाला हात लावला, तर आतला भुसा भसकन ओट्यावर सांडला. वाळवीने बाहेरचा रंग तेवढा शिल्लक ठेवला होता. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, हा नंदी आमच्या घरच्या तीन पिढ्यांच्या पोरांनी ओढलेला आहे. बाबा स्वतः सुतारकी करतात, त्यामुळे नवा नंदी घडवणे त्यांना जड नव्हते. पण जुन्या नंदीची मान किंचित डावीकडे वळलेली आहे आणि गळ्याखालच्या लोंबत्या पोळीला ज्या चुण्या पडल्या आहेत, त्या त्यांना जमत नव्हत्या. "त्या मानेचं वळन माह्या हातून नाही निघत," असे ते स्पष्टच म्हणाले. नंदी पूर्ण ढासळण्याआधी तो जसाच्या तसा उतरवून घ्यावा, त्या छापावरून साचा करावा आणि साच्यातून कागदाच्या लगद्याचे हलके नंदी पोरांसाठी काढावेत, असे मी ठरवले. त्यासाठी घरात मोठ्या आकाराचा रेझिन प्रिंटर आला.

माझ्याकडे प्लॅस्टिकची तार वितळवून थर रचणारा साधा थ्रीडी प्रिंटर आधीपासून होता. ऑनलाइन अर्ज भरून देण्याच्या माझ्या दुकानात तो रिकाम्या वेळी चालत असे. त्यावर नंदी काढून पाहिला, पण चुण्यांच्या जागी पायऱ्या दिसू लागल्या. रेझिन प्रिंटरची रीत निराळी आहे. त्यात द्रवरूप रेझिनचे, म्हणजे उजेडाने घट्ट होणाऱ्या राळेसारख्या द्रवाचे, एक पात्र असते, पात्राचा तळ पारदर्शक फिल्मचा असतो, फिल्मखाली मोबाइलसारखा एलसीडी पडदा आणि पडद्याखाली ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचे दिवे असतात. पडद्यावर त्या थराचा आकार उमटतो, तेवढ्याच भागातून प्रकाश वर जातो आणि तेवढेच रेझिन घट्ट होते. वरून खाली उतरलेल्या धातूच्या प्लेटला तो थर चिकटतो, प्लेट वर उचलली जाते, खाली नवे रेझिन वाहून येते आणि पुढचा थर उमटतो. वस्तू अशी वटवाघळासारखी उलटी टांगलेली वाढत जाते. अमेरिकी संशोधक चक हल यांना १९८६ साली ज्या पद्धतीचे पेटंट मिळाले, तीत प्रकाशाचा एक झोत रेझिनवर आकृती रेखत जात असे. इथे अख्खा थर एका दमात उमटतो. त्यामुळे छपाईचा वेळ वस्तूच्या उंचीवर ठरतो, प्लेटवर किती वस्तू आहेत यावर नाही. एक नंदी आणि शेजारी उभे केलेले तीन नंदी यांना सारखाच वेळ लागतो.

नंदी २६ सेंटिमीटर उंच आहे आणि नेहमीच्या टेबलावरच्या यंत्रात तो मावत नाही. तुकडे करून जोडता आला असता, पण सांधा नेमका मानेवर आला असता. मोठ्या यंत्रांपैकी एलेगू ज्युपिटरमध्ये सुमारे २७८ × १५६ × ३०० मिलिमीटरची वस्तू निघते, तर फ्रोझन सोनिक मेगा ८के मध्ये ३३० × १८५ × ४०० मिलिमीटरची. पहिल्याच्या पडद्याचा एक ठिपका ५१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि दुसऱ्याचा ४३ मायक्रॉनचा आहे. खरेदीपूर्वी या आठ मायक्रॉनांवर मी कितीतरी रात्री घालवल्या आणि त्या वाया गेल्या असे आता वाटते, कारण हाताने घासून रंगवायच्या नंदीवर हा फरक कोणाच्याही नजरेत येत नाही. पाहायचे ते एवढेच, की आपली वस्तू तिरकी धरली तरी आत बसते का.

यंत्र पस्तीस किलोच्या आसपास भरले. कुरियरवाल्याने ते तालुक्यालाच ठेवले आणि तिथून आम्ही ते गादीवर निजवून मालवाहू ऑटोतून आणले. जागा मात्र आधीच ठरली होती. राहत्या घरात रेझिनचा वास आणि वाफ नको, लहान मुलांचा हात पोचायला नको आणि दारातून ऊनही यायला नको, कारण पात्रातले रेझिन उन्हानेही घट्ट होते. गोठ्याशेजारच्या कडब्याच्या खोलीची खिडकी जाड काळ्या कापडाने झाकली आणि वरच्या झरोक्यात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. जमीन शेणाने सारवलेली असल्याने बाबांनी तिथे शहाबादी फरशी बसवली, तिच्यावर जाड लाकडी ठोकळा ठेवला आणि पाणसळ दोन्ही बाजूंनी धरून बुडबुडा मधोमध येईपर्यंत खाली पाचरी सरकवल्या. माझ्या कोणत्याही मशीनला त्यांनी एवढा मान दिलेला नव्हता.

लहान यंत्रावर छापण्याची सवय मोठ्या यंत्रावर कामी येत नाही, हे पहिल्याच छपाईत कळले. प्रत्येक थर उमटल्यावर तो खालच्या फिल्मपासून सुटावा लागतो आणि थराचे क्षेत्रफळ जितके मोठे, तितकी ती ओढ जास्त. त्यात वस्तू पोकळ असेल तर आणखी एक गोष्ट घडते. बादलीत बुडवलेला लोटा पालथा धरून वर ओढला, तर तोंड पाण्याबाहेर येईपर्यंत तो जड लागतो आणि मग एकदम 'गडप' आवाज करून सुटतो. नंदीचे पोकळ पोट म्हणजे असाच पालथा लोटा. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलो असतो. पोटाचे उघडे तोंड शंभर चौरस सेंटिमीटरचे असले आणि आत हवा शिरायला वाट नसली, तर ओढ दहा-वीस किलोंवर सहज जाऊ शकते, आणि हे हजारो थरांत दर थराला एकदा. मी नंदी चारही पाय प्लेटला लावून सरळ उभा ठेवला होता आणि भोक एकही ठेवले नव्हते. रात्री खोलीतून दर थराला 'फट्' असा आवाज येत होता आणि तो मला कामाचा आवाज वाटला. सकाळी प्लेटवर चार पाय होते. पोट पात्राच्या तळाशी जाड पापडासारखे चिकटले होते आणि ते काढताना फिल्मही गेली.

दुसऱ्या वेळी नंदी तिरका केला, म्हणजे एका थरात पोटाचा मोठा भाग एकदम येत नाही. भिंत ३ मिलिमीटर जाड ठेवली, प्लेटच्या बाजूला एक आणि पोटाच्या कडेला एक अशी दोन भोके पाडली, प्लेट वर उचलण्याचा वेग निम्म्यावर आणला आणि आधाराच्या काड्या आपल्याला पुरेशा वाटतात त्याहून अधिक लावल्या. भरीव नंदीला जवळपास तीन लिटर रेझिन लागले असते. पोकळ नंदी काड्यांसकट सातशे ग्रॅमच्या आसपास बसला. किलोमागे दोन हजार रुपयांच्या घरात पडणाऱ्या मालात हा फरक लहान नाही.

तिरका नंदी २९ सेंटिमीटर उंच झाला. थर ०.०५ मिलिमीटरचा धरला तर ५,८०० थर होतात, आणि प्रकाश, उचलणे, उतरणे, थांबणे मिळून एका थराला बारा सेकंद लागले तर एकोणीस तासांहून अधिक वेळ जातो. आमच्या गावात सलग एकोणीस तास वीज असणे हा योग आहे. म्हणून साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची बॅटरी घेतली. माझ्या यंत्राला त्यावर पाच-सहा तास सहज मिळतात. तरीही जूनमधल्या एका वादळात तार तुटली, बॅटरी संपली आणि छपाई पहाटे थांबली. वीज आल्यावर यंत्राने काम तिथूनच उचलले, नंदी पूर्ण झाला आणि मला काहीच वावगे दिसले नाही. बाबांनी तो हातात घेतला, अंगठा वशिंडाखालून शेपटीकडे नेला आणि मध्येच थांबवून विचारले, "इथं लाइन गेली होती काय?" केसाएवढी रेघ होती.

छपाईपेक्षा अधिक मेहनत धुण्यात जाते, हे यंत्र विकणारे कोणी सांगत नाही. निघालेली वस्तू ओल्या रेझिनने माखलेली असते आणि ती सहसा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुतात. या द्रवाची वाफ बारा अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी होते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असतो. नंदी बुडेल एवढे अल्कोहोल शेजारी कडबा असलेल्या खोलीत उघडे ठेवणे मला पटले नाही, म्हणून मी पाण्याने धुता येणाऱ्या रेझिनवर आलो. ते थोडे ठिसूळ असते, ही तक्रार खरी आहे. धुतलेले पाणी मात्र नालीत सोडायचे नाही, कारण कच्चे रेझिन पाण्यातल्या जिवांना घातक असते. मी ते झाकता येणाऱ्या उथळ परातीत जनावरांपासून दूर उन्हात ठेवतो, आतले रेझिन घट्ट झाले की गाळून घेतो आणि निघालेला गाळ पुन्हा वाळवतो. हातात नायट्राइलचे मोजे हवेतच. रेझिनमधल्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा जडली की पुढे थोड्याशा संपर्कानेही उठते, आणि घामाने मोजे निसटतात म्हणून ते काढून ठेवण्याचा मोह उन्हाळ्यात रोज होतो. तोंडाला बांधलेल्या गमछ्याने वाफ अडत नाही, त्याला कार्बनचे डबे असलेला मास्क लागतो.

धुतल्यानंतर वस्तू प्रकाशात पक्की करावी लागते. त्यासाठी लोक खास यंत्र घेतात, मी विदर्भाचे ऊन वापरतो. प्रत्येक बाजू थोडा वेळ फिरवली की पुरते, विसरलो तर नंदी पिवळा आणि कडक होतो. पण ऊन बाहेरून लागते. पोळ्याआधी तयार झालेला तो रेघवाला नंदी दिवाळीत देवळीसमोर ठेवला होता. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटाला उभी चीर गेलेली दिसली आणि चिरेतून मधासारखा चिकट थेंब ओघळला होता. पोटात कच्चे रेझिन राहिले होते आणि ते कित्येक महिने भिंतीला आतून सोलत होते. आता मी भोकांतून पिचकारीने आत पाणी मारतो, ते स्वच्छ येईपर्यंत हलवतो, पूर्ण सुकू देतो आणि मग अतिनील दिव्यांची बारीक माळ पोटात सोडून आतूनही उजेड देतो. साच्यासाठी ही काळजी दुप्पट हवी, कारण कच्च्या रेझिनमुळे काही सिलिकॉन रबर, विशेषतः प्लॅटिनमने घट्ट होणारे, चिकटच राहते. मी टिनवर घट्ट होणारे वापरतो.

डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि रेझिन काकवीसारखे दाट होते. त्या दिवसांत बाटली कोमट पाण्यात ठेवून छपाई सकाळी दहाला सुरू करतो, पात्राभोवती गरम पट्टा बांधतो आणि रात्रभर तो चालू आहे ना हे दोनदा उठून पाहतो. तिसरा नंदी असाच जानेवारीत निघाला. त्यावरून साचा झाला आहे आणि लगद्याचे चार नंदी ओसरीत वाळत आहेत. चाके बाबा सागवानाचीच करणार आहेत, त्या बाबतीत त्यांनी मला विचारलेलेही नाही.